नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे काम: केबलपासून परिषदेपर्यंत

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 1994 ची. त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. अशा मोठ्या परिसरात नेटवर्क उभारताना पहिली पायरी केबलच्या आखणीची. तांब्याची इथरनेट केबल साधारण 100 मीटरपर्यंतच चालते, म्हणून दोन इमारती ऑप्टिकल फायबरने जोडतात. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाच्या पावसात विजा पडल्या तरी उपकरणे जळण्याचा धोका कमी राहतो. मग स्विच आणि फायरवॉल बसतात. कार्यालय, प्रयोगशाळा व वसतिगृह यांना वेगवेगळे व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कमधील स्वतंत्र आभासी विभाग, दिले जातात.

रोजच्या कामात लिंकवर लक्ष, बॅकअप आणि यूपीएसच्या बॅटऱ्यांची तपासणी येते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सर्व्हर खोलीचा एसी बंद पडणे परवडत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपावे लागतात आणि ठरावीक सायबर घटना 6 तासांत कळवाव्या लागतात.

नवे तंत्र शिकण्यासाठी दक्षिण आशियातील इंजिनिअरांची ‘सॅनॉग’ आणि भारतातील ‘इनॉग’ या परिषदा आहेत. तेथील कार्यशाळांत राउटिंग, आयपीव्ही 6 व सुरक्षेचा प्रत्यक्ष सराव होतो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ जरूर घ्यावा.