पोहण्याचा हौद सुरू करण्याआधी

कबनूर, इचलकरंजी भागातली जुनी पिढी विहिरीत पोहायला शिकली. पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधायचा आणि उडी टाकायची. आता पंचगंगेत मुलांना उतरवायला कोणी धजत नाही. त्याऐवजी फार्महाऊसवर आणि बंगल्यामागे पोहण्याचे छोटे हौद दिसू लागले आहेत. परीक्षा संपल्या की वर्षभर बंद असलेले हे हौद उघडतात.

उघडताना पाणी निळंशार दिसलं की मालक निश्चिंत होतो. पण निळा रंग बहुधा फरशीचा असतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हिपॅटायटिस ई या विषाणूमुळे काविळीची मोठी साथ आली. तिथे प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता, पण पोहताना दोन घोट पोटात जातातच. पाणी सुरक्षित आहे का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

जुनं साचलेलं पाणी आधी पूर्ण उपसा. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो. हौद घासताना गमबूट आणि हातमोजे घाला. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. मोटरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारं यंत्र बसवा. ओल्या अंगाला बसलेला धक्का जीवघेणा ठरतो.

मग येतो क्लोरीन. पिण्याच्या पाण्यात नळापाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन पुरेसा धरतात. हौदात तो १ ते ३ मिलिग्रॅम लागतो, कारण घाम, तेल, लघवी आणि कडक ऊन त्याला सतत खात असतात. २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट खोल हौदात सुमारे २२,६०० लिटर पाणी मावतं. त्यात २ मिलिग्रॅमसाठी ताजी टीसीएल पावडर साधारण १४० ग्रॅम लागते. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो; उघड्या पोत्यातली पावडर दिवसेंदिवस निकामी होत जाते. म्हणून अंदाजावर राहू नका, किटने मोजा. पावडर संध्याकाळी टाका, म्हणजे ती उन्हाने वाया जात नाही.

पीएच म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा. तो ७.२ ते ७.८ मध्ये हवा. ७.५ ला जवळपास निम्मा क्लोरीन जंतू मारायला तयार असतो, ८ ला जेमतेम पाव. टीसीएल चुन्याची असल्याने पीएच वाढवते. तो उतरवायला अॅसिड वापरतात. ते टीसीएलमध्ये कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू उठतो आणि काही मिनिटांत फुप्फुसांना इजा होते. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या बादलीतून टाका. आधी बादलीत पाणी घ्या, मग त्यात रसायन घाला. उलट करू नका.

डोळे चुरचुरले आणि उग्र वास आला की लोक म्हणतात, "क्लोरीन जास्त झाला." बहुतेक वेळा खरं कारण उलटं असतं. क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, वास त्यांचा येतो. म्हणून उतरण्यापूर्वी साबणाने आंघोळ हवी. जुलाब झालेल्या मुलाला पाठवू नका; कारण तपासलेलं नसेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबा. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्येही आठवड्याहून जास्त तगतो.

नाकात पाणी जाणंही टाळा. केरळात २०२४ मध्ये नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या अमिबाने मुलं दगावली. असा आजार फारच विरळा, पण तो कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्यात होतो. उन्हाळ्यात तापलेला आणि क्लोरीन संपलेला हौद म्हणजे तसंच पाणी.

तरीही सर्वांत मोठा धोका जंतूंचा नाही, बुडण्याचा आहे. बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, हात हलवत नाही; गप्प खाली जातं. लहान मूल पाण्यात असेल तर एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा, मोबाईल बाजूला ठेवून. मूल बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं धरून हलवूही नका. त्यात जीव वाचवायची मिनिटं जातात. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या. मग ३० वेळा छाती दाबा, २ श्वास द्या आणि हे चालू ठेवा. कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. मूल शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच.

हौदाला चारही बाजूंनी चार फूट उंच कुंपण घाला. फाटक आपोआप बंद होणारं आणि कडी लहान मुलाच्या हाताला न लागणारी हवी. टीसीएल आणि किट त्यानंतर आणली तरी चालेल.