कॅसेटवरची भुतावळ

चिलखत फुटलं की सर आर्थर नुसत्या चड्डीवर उभा राहतो. हातात भाला, समोर कबरस्तान, अंगावर बाकी काही नाही. आणखी एक धक्का बसला की हाडांचा सापळा तेवढा उरतो, आणि तोही लगेच ढासळतो. कॅपकॉमच्या ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’मध्ये एका जिवाची पुंजी एवढीच. तोकुरो फुजिवारा यांनी हा खेळ १९८५ मध्ये जपानात, नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांसाठी केला. पुढच्याच वर्षी एलिट सिस्टिम्स या ब्रिटिश कंपनीनं तो कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम आणि ॲमस्ट्रॅड या घरगुती संगणकांवर उतरवला. मग इंग्लंडमधली पोरं घरच्या टीव्हीसमोर मांडी ठोकून आर्थरचे हाल करायला मोकळी झाली.

भुतं आणि जीवघेणं अवघडपण यांची जोडी ब्रिटनच्या घरगुती संगणकांवर १९८३ ते १९८९ या काळात फार घट्ट जमली होती. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर ते खेळ आज पुन्हा काढून बसलं तर भुतांचं हसू येतं. बोटभर उंचीचा, चौकोनी ठिपक्यांचा ड्रॅक्युला कुणाला घाबरवणार? अवघडपण मात्र जसंच्या तसं आहे. आणि नीट पाहिलं तर त्याच्याही जाती आहेत. काही खेळांत मेल्यावर कळतं की चूक आपलीच होती. काहींत दोष यंत्राच्या मर्यादेचा असतो, तर काहींत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या बेपर्वाईचा. तेव्हा हे सगळं एकाच ‘लई अवघड’ या शिक्क्याखाली खपून गेलं. त्यातलं टिकाऊ काय आणि टाकाऊ काय, हे आता सवडीनं पाहता येतं.

आधी यंत्रांबद्दल, कारण भीती तिथूनच सुरू व्हायची. एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आलेल्या स्पेक्ट्रमच्या ४८ के मॉडेलची किंमत १७५ पौंड होती. रबरी कळा, आणि जोडीला घरातलाच साधा टेपरेकॉर्डर. खेळ कॅसेटवर यायचा. प्ले दाबलं की टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे धावायला लागत, स्पीकरमधून कर्कश किंकाळी निघे आणि चारपाच मिनिटं कुणी टेबलाला धक्काही लावायचा नाही. कमोडोरवर, वेगानं लोड करण्याची युक्ती कॅसेटमध्ये नसेल, तर याच कामाला वीस मिनिटंसुद्धा लागत. शेवटच्या टप्प्यात ‘टेप लोडिंग एरर’ अशी ओळ आली की कॅसेट मागे घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. खेळ सुरू होण्याआधीच ‘पुन्हा पहिल्यापासून’ची अशी तालीम झालेली असायची. खेळात मग तीन-चार जीव मिळत. ते संपले की पुन्हा पहिला पडदा. मधेच खेळ साठवून ठेवायची सोय बहुतेक खेळांत नव्हतीच. त्या काळची खरी धास्ती ती होती. ड्रॅक्युला नुसता निमित्ताला.

१९८३ चा ‘ॲटिक ॲटॅक’ हा या भुतावळीतला माझ्या मते सर्वांत देखणा खेळ. ॲशबी-डी-ला-झूश या लहानशा गावात स्टॅम्पर बंधू ‘अल्टिमेट प्ले द गेम’ या नावानं खेळ करत. पुढे याच मंडळींची ‘रेअर’ झाली. साडेपाच पौंडांच्या या कॅसेटमध्ये पाच मजल्यांचा एक झपाटलेला वाडा होता. तुम्ही त्यात अडकलेले. बाहेर पडायचं तर किल्लीचे तीन तुकडे शोधायचे. त्यांवरची अक्षरं जुळवली की ए, सी, जी होतात, म्हणजे ॲशबी कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स या मूळ कंपनीची आद्याक्षरं. सरदार, जादूगार किंवा नोकर यांपैकी एक व्हायचं, आणि ज्याच्या-त्याच्या चोरवाटा वेगळ्या. सरदार घड्याळातून आत शिरतो, जादूगार पुस्तकांच्या कपाटातून, नोकर पिंपातून. त्यामुळे वाडा तोच, पण तिघांसाठी त्याचा नकाशा निराळा. एका खेळात तीन खेळ, तेही ४८ किलोबाइटमध्ये. आजच्या फोनवरचं एखादं छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा खातं.

पडद्याच्या कडेला भाजलेल्या कोंबडीचं चित्र आहे. ती तुमची ताकद. चालाल तशी तिच्यावरचं मांस कमी होत जातं, भुतांचा धक्का लागला की आणखी, आणि शेवटी नुसती हाडं दिसली की संपलात. मेलात त्या खोलीत थडगं उभं राहतं. पुढच्या जिवानं त्याच खोलीतून जाताना आपलंच थडगं ओलांडायचं! चाळीस वर्षांनंतरही यातला काळा विनोद शिळा झालेला नाही. आणि अवघडपण? भुतं कुठूनही उगवतात खरी, पण बड्या भुतांचे नियम ठरलेले आहेत. ड्रॅक्युला क्रुसाला भितो, फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाला पाना लागतो. एकदा वाडा पाठ झाला की मरण्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडता येत नाही. हा खेळ आजही न अडखळता खेळता येतो, याचं कारण हेच.

याच मंडळींच्या १९८४ च्या ‘नाइट लोअर’मध्ये रात्र झाली की नायकाचा लांडगा होतो. चाळीस दिवसांत जादूगाराच्या कढईत एकेक करून चौदा वस्तू टाकायच्या, तर शाप सुटेल. तिरक्या कोनातून दिसणाऱ्या त्या दगडी खोल्यांनी तेव्हा लोकांचे डोळे दिपवले होते. पण खोलीत वस्तू वाढल्या की सगळं चिखलात चालल्यासारखं मंद होतं, आणि रूपांतर नेमकं अडचणीच्या वेळी सुरू होतं. खोलीगणिक एकच रंग वापरलाय, कारण स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग मावत. जास्त घालायला गेलं की चित्रं एकमेकांत मिसळत. अडचणीतून काढलेली ही वाट होती, पण त्या काळोखाला ती शोभून दिसली.

मॅथ्यू स्मिथचा ‘जेट सेट विली’ भुतांचा खेळ म्हणावा की नाही, यावर वाद होऊ शकतो. रात्रभर पार्टी करून थकलेला विली, त्याचा प्रचंड बंगला, घरकाम करणारी मरिया, आणि सगळी घाण आवरल्याखेरीज झोपायला मिळणार नाही हा तिचा हुकूम. खोल्याखोल्यांत फिरणारी विचित्र जनावरं मात्र दुःस्वप्नातलीच. या बंगल्यातली खरी बाधा प्रोग्रॅममध्ये होती. माळ्यावरच्या खोलीत एकदा पाय टाकला की दुसऱ्याच खोल्यांची माहिती बिघडायची आणि नंतर तिथे शिरताक्षणी विली मरायचा. सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स या कंपनीनं आधी सांगून पाहिलं की हे मुद्दाम केलंय, त्या खोल्यांत विषारी वायू सोडलाय. पुढे मुकाट्यानं दुरुस्त्या जाहीर केल्या. त्यांतली एक दुरुस्ती ‘बॅनियन ट्री’ नावाच्या खोलीसाठी होती, कारण ते झाड पार करण्याची वाटच बंद झाली होती. आपल्याकडे मुंजा पिंपळावर बसतो. इंग्रजांच्या वडावर प्रोग्रॅमरची चूक बसली होती. शिवाय उंचावरून पडून मेलं की खोलीत शिरलात तिथूनच पुन्हा पडायचं, सगळे जीव संपेपर्यंत. हे कौशल्याची परीक्षा घेणारं अवघडपण नव्हे. खेळ पुरा तपासलाच नव्हता आणि त्याची किंमत गिऱ्हाइकानं मोजली.

अशा बाधेवर उतारा मासिकांतून मिळे. ‘क्रॅश’, ‘युअर सिंक्लेअर’ यांच्या पानांवर पोक छापून येत. ‘पोक ३५८९९,०’ हा ‘जेट सेट विली’चा उतारा: खेळ लोड झाल्यावर, पण सुरू होण्याआधी मेमरीतल्या त्या एका घरात शून्य ठेवलं की जीव संपतच नसत. वाचक चौकोनी वहीत वाड्यांचे नकाशे काढून मासिकांना पाठवत आणि ते छापले जात. पुढे रोमँटिक रोबो कंपनीचं मल्टीफेस नावाचं खोकं आलं. त्यावरचं बटण दाबलं की खेळ जागच्या जागी गोठे आणि साठवून ठेवता येई. एम्युलेटरमधल्या सेव्ह स्टेटचं हे थेट पूर्वज. म्हणजे हे खेळ त्या काळीही सगळेच सोवळ्यात खेळत होते, असं समजायचं कारण नाही.

पॅलेस सॉफ्टवेअरच्या ‘कॉल्ड्रन’नं मात्र मला निराश केलं. व्हिडिओ वितरणातून या धंद्यात उतरलेली ही कंपनी. ‘द इव्हिल डेड’ या चित्रपटावर तिचा पहिला खेळ निघाला, १९८४ मध्ये. नंतर ‘हॅलोवीन’ चित्रपटावर खेळ करायचं घाटत होतं. ते बारगळलं आणि स्टीव्ह ब्राउननं त्यातून भोपळे आणि चेटकीण तेवढी उचलून १९८५ मध्ये ‘कॉल्ड्रन’ केला. झाडूवर बसून उडायचं, रंगीत किल्ल्या शोधायच्या आणि नेमक्या जागी उतरून भुयारात शिरायचं. उडणं सुंदर, उतरणं म्हणजे शिक्षा. चार ठिपके इकडेतिकडे झाले की चेटकीण गेली. भुयारातल्या उड्यांना तर माफीच नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात भूमिका उलटल्या: आता तुम्ही सूड घ्यायला निघालेला भोपळा. कल्पना झकास आहे. पण भोपळा सतत टप्पे खात असतो, त्याला स्थिर उभं राहताच येत नाही, आणि तशा अवस्थेत जिन्यांवरून अरुंद कठड्यांवर चढायचं. काही लोक या खेळावर अजून जीव टाकतात. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार.

पुन्हा आर्थरकडे येऊ. त्याची उडी ही या खेळाची गुरुकिल्ली आहे. पाय जमिनीवरून सुटले की हवेत दिशा बदलता येत नाही. जिथे पडायचं ठरलंय तिथेच पडणार. प्रेतं जमिनीतून कुठेही उगवतात, कधी अगदी पायाशी. म्हणून उडी मारण्याआधी समोरची जागा क्षणभर निरखावीच लागते. आणि निरखत थांबलं तर घड्याळ चालू असतं. सगळं शहाणपण या दोहोंच्या मधल्या फटीत आहे. मग येतो पंखांचा लाल सैतान, रेड आरेमर. इतर भुतं आपल्या वाटेनं चालत असतात. हा तुमच्याकडे बघून वागतो. भाला फेकलात की तो वर उठतो, आडवा सरकतो आणि गोता मारतो. त्याच्यापुढे घाईघाईनं बटण दाबत सुटणं म्हणजे फुकट मरणं. वर हवं ते शस्त्र हातात राहील याचीही खात्री नाही. चुकून मशाल उचलली गेली की ती टप्प्यावर पडून जळत बसते आणि दुसरी लवकर फेकता येत नाही. थडग्यांवर फार भाले मारलेत तर जादूगार प्रकट होऊन तुमचा बेडूक करतो.

पार्लरमधल्या यंत्रात हा जाच हिशेबी होता: खेळणारा मेला की पुढचं नाणं पडतं. एवढं करून शेवटाला पोचलात की यंत्र सांगतं, हा सैतानाचा सापळा होता, आता सगळं पुन्हा खेळा, आणखी अवघड करून. त्या संदेशाच्या इंग्रजीतल्या चुकाही आता प्रसिद्ध आहेत. पण घरी नाणं कुठे टाकायचं? तिथे हेच अवघडपण वेगळ्या कामी आलं. दहा पौंडांच्या आसपासची कॅसेट महिनोन्‌महिने पुरली पाहिजे आणि मेमरीत मजकूर तर मूठभरच मावतो. मग अवघडपणानंच खेळाची लांबी वाढवायची. कमोडोरवर ख्रिस बटलरनं मूळ खेळातले काही टप्पे गाळूनच टाकले, पण पाच जीव दिले. जॉयस्टिकला बटण एकच, त्यामुळे उडीसाठी दांडा वर ढकलायचा, आणि शिडी चढायलाही वरच. शिडीपाशी किती आर्थर वाया गेले असतील, कोण जाणे.

कमोडोरच्या या आवृत्तीनं मूळ यंत्रालाही जे जमलं नव्हतं ते केलं. मार्क कुक्सीनं तिच्या संगीतासाठी शोपँच्या विसाव्या प्रिल्यूडचा आधार घेतला. जड पावलांनी चालणारी ती सी मायनरमधली रचना सिड या ध्वनीच्या चिपच्या अवघ्या तीन आवाजांतून घुमते आणि कबरस्तानाला एकदम भारदस्तपणा येतो. मूळ खेळातली धून उड्या मारते; ही शोकसभेला निघालेली वाटते. चड्डीवरचा सरदार आणि शोपँ! या मेळातच त्या खेळाची सगळी मजा आहे. पुढचा भाग ‘गूल्स एन घोस्ट्स’ १९८९ मध्ये घरगुती संगणकांवर आला, तेव्हा टिम फॉलिननंही असंच केलं. त्याचं संगीत खेळाच्या पुष्कळ पुढे गेलंय. खेळ बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं.

त्याच वर्षी कमोडोर अमिगावर ‘शॅडो ऑफ द बीस्ट’ आला. रिफ्लेक्शन्सनं लिहिलेला, सिग्नोसिसनं काढलेला, सुमारे पस्तीस पौंडांचा; चित्रकार रॉजर डीनचं चित्र असलेलं मोठं खोकं आणि आत टी-शर्टसुद्धा. एकामागे एक वेगवेगळ्या गतीनं सरकणारे ढग, डोंगर, गवत यांचे थर आणि डेव्हिड व्हिटेकरचं संगीत. दुकानात हे पडद्यावर लावलं की लोक थबकत. खेळायला बसलं की मिळायच्या बारा ठिणग्या ताकदीच्या, आणि त्या संपल्या की पहिल्यापासून. शत्रू कुठून येणार हे मेल्याखेरीज कळायचं नाही, आणि कळल्यावर त्यात काही उरायचं नाही. डोळ्यांना मेजवानी, हातांना बिगारी.

आपल्याकडे या सगळ्याचा जेमतेम शिंतोडा उडाला. १९८६ मध्ये डेसिबेल्स या कंपनीनं स्पेक्ट्रम प्लस परवान्यानं भारतात आणला. सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो पोचले होते. पण घरात संगणक, तोही पोरांना खेळायला, ही तेव्हा फार थोड्यांची चैन. आपल्यापैकी बहुतेकांची आर्थरशी गाठ पडली ती उशिरा, म्हणजे सेव्ह स्टेटची चटक लागल्यावरच.

फुजिवारांनी स्वतः २०२१ मध्ये ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स रिझरेक्शन’ केला, तेव्हा त्यात अवघडपणाच्या पायऱ्या ठेवल्या. सर्वांत सोप्या पायरीवर आर्थर मेला की त्याच जागी उठतो. मी ती करून पाहिली. चित्रं छान दिसतात, बाकी काही घडत नाही. उलट कमोडोरवर गाळलेले टप्पे हौशी मंडळींनी २०१५ मध्ये त्याच यंत्रासाठी परत भरून काढले, तो खेळ चांगलाच झोंबतो. नव्यानं कुणाला या वाटेला जायचं असेल तर ‘ॲटिक ॲटॅक’पासून सुरुवात करावी, मग आर्थर घ्यावा. सेव्ह स्टेट वापरायला हरकत नाही, पण रेड आरेमरच्या अलीकडे एकदाच. गोत्यागणिक साठवत बसलात तर त्याची चाल कधीच कळणार नाही. ‘बीस्ट’चं संगीत वेगळं मिळतं.