‘सहमत’ दाबण्याआधी

नाचणगावात कुणी मोबाइलवर खरेदीचं नवं ॲप घेतलं, की ते आधी ठावठिकाणा आणि फोनमधले नंबर मागतं. खाली बारीक इंग्रजी मजकूर. तो न वाचताच ‘सहमत’वर बोट पडतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नेमका इथेच हात घातला आहे. कोणती माहिती, कशासाठी, हे सोप्या भाषेत सांगावं लागेल. हवं तर मराठीत, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांचा पर्याय द्यायचाच आहे. मला हीच तरतूद सगळ्यांत मोलाची वाटते. संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागेही घेता येईल. माहिती सांभाळण्यात कसूर झाली, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले; या तरतुदींना मात्र १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७.