गिऱ्हाइकाचे माप

बाजारात कोणाकडून काय विकत घ्यावे हा ज्याच्या त्याच्या खुशीचा प्रश्न आहे, असे आपण धरून चालतो. वांगी ताजी दिसली की घेतली, चहा बरा लागला की पुन्हा प्यालो. यात समाजाच्या प्रश्नाचा संबंध काय, असे कोणीही विचारील. परंतु आपल्या देशात गल्ल्यावर कोणी बसावे, हे पिढ्यान् पिढ्या जातीने ठरविले. आज दलित समाजातील माणसे नोकरीबरोबर व्यापारधंद्यातही उतरत आहेत. अशा वेळी गिऱ्हाइकाने त्यांच्याशी कसे वागावे, याचा विचार जामनेरसारख्या बाजारपेठेच्या गावी होणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

कायद्याने काय केले ते प्रथम पाहू. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने व उपाहारगृहे यांत जाण्यास जातीची आडकाठी राहू नये, असे ठरविले. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा गुन्हा ठरविला. पुढे २०१५ साली अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे हाही गुन्हा झाला. म्हणजे दलित गिऱ्हाइकासाठी दुकानाचे दार कायद्याने उघडले. पण दलित दुकानदाराकडे गिऱ्हाईक कोण आणणार? दहा माणसे काही न बोलता एकेक करून शेजारच्या दुकानात गेली, तर कोणता कायदा त्यांना परत आणील? येथे कायद्याचे काम संपते आणि नागरिकाचे सुरू होते.

ही गोष्ट राजर्षी शाहू महाराजांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखली होती. त्यांच्या पागेतील गंगाराम कांबळे या नोकरास पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यास स्वतंत्र धंदा करण्यासाठी मदत केली आणि गंगारामाने कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले. पण तेथे चहा पिण्यास कोणी फिरकेना. महाराज काही हुकूम काढून लोकांना चहा पाजू शकत नव्हते. तेव्हा ते स्वतःच गाडी थांबवून गंगारामाच्या हातचा चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाने येथे राजाचे नव्हे, गिऱ्हाइकाचे काम केले.

हे पहिले गिऱ्हाईक इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी दुकान चालते कसे ते पाहावे लागते. समजा, एखाद्या दलित तरुणाने आपल्याकडे शेवभाजी, वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी यांची खानावळ काढली. पहिल्या आठवड्यात माणसे आली नाहीत, तर केलेले अन्न उरते. उरलेले टाकावे तर भांडवल जाते, ठेवावे तर शिळे होते. विक्री नाही म्हणून किराणा व्यापारी उधारी आखडतो. उधारी नाही म्हणून माल हलका येतो. मग एखादा जाऊन जेवतो आणि म्हणतो, “पाहिलेत? चव नाही.” गिऱ्हाइकाच्या पाठ फिरविण्यातून उत्पन्न झालेला दोष हाच पाठ फिरविण्याचे कारण म्हणून सांगितला जातो.

सरकारने व संस्थांनी या चक्रातून वाट काढण्याचे प्रयत्न केले आहेत. २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर स्थापन केले. केंद्र सरकारच्या खात्यांनी व उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी, असे धोरण २०१२ साली ठरले. अकोला जिल्ह्यातून आलेल्या कल्पना सरोज यांनी डबघाईस आलेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी सावरली व २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तांब्याची नळी घेणारा तिची जाडी आणि धातूची शुद्धता पाहतो; ती मोजता येते. अन्नाच्या बाबतीत मात्र “मनाला पटत नाही” एवढे म्हणूनही भागते. जेथे कसोटी स्पष्ट असते, तेथे पूर्वग्रहाला जागा कमी उरते. म्हणून चोख वजन, लावलेला भाव, स्वच्छ भांडी, कबूल केलेल्या दिवशी मालाची पोच, या अपेक्षा नव्या दुकानदारावर ओझे नसून त्याच्या रक्षणाच्या आहेत. मात्र त्या सर्वांसाठी एकच असल्या पाहिजेत.

आपली चूक येथे दोन प्रकारांनी होते. नेहमीच्या वाण्याने वजनात मारले तर आपण “तो वाणी लबाड” म्हणतो; दलित दुकानदाराने मारले तर “ही माणसे अशीच” म्हणतो. पहिल्या ठिकाणी दोष एकाच्या पदरी पडतो, दुसऱ्या ठिकाणी सबंध समाजाच्या. दुसरी चूक दयेची आहे. भाकरी करपली तरी “बिचारा नवा आहे” म्हणून गिऱ्हाईक गप्प बसते, पैसे देते आणि पुन्हा येत नाही. दुकानदारास आपली चूक कळतच नाही. तोंडावर तक्रार करून दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारे गिऱ्हाईक यापेक्षा शतपटीने बरे.

हा पेच केवळ आपलाच नाही. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९०० साली उभारली. आपल्या माणसाचे दुकान म्हणून तेथे जावे, की माल व भाव पाहून जावे, हा प्रश्न त्या समाजापुढेही वारंवार आला. आपल्या खानदेशात १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा खादी व ग्रामोद्योग यांचे प्रदर्शन मांडले होते. जाडेभरडे कापड व्रत म्हणून अनेकांनी आनंदाने अंगावर घातले. पण व्रतावर उभा असलेला धंदा व्रताचा उत्साह ओसरला की ओसरतो. मालाच्या गुणावर उभा राहिलेला टिकतो.

यावरून आमचे म्हणणे असे : पहिली खेप आपण जाणूनबुजून द्यावी, कारण ती आजवर जाणूनबुजून नाकारली गेली आहे. दुसरी खेप दुकानदाराने आपल्या मालाने मिळवावी. घरच्या लग्नाचे जेवण, शाळेचे गणवेश, कचेरीचा चहा, घराचे रंगकाम यांसाठी दर मागविताना या व्यावसायिकांकडूनही मागवावेत. भाव इतरांशी करतो तितकाच करावा, पैसे वेळेवर चुकवावेत आणि उणीव दिसली तर ती गावभर न सांगता आधी त्यालाच सांगावी. त्याची दिलगिरी आणि दुरुस्ती इतर दुकानदारांची मान्य करतो तशीच मान्य करावी. दुकानदाराच्या तराजूची तपासणी करण्यास वजनमापे खात्याचा निरीक्षक येतो. गिऱ्हाइकाच्या मनातील तराजू तपासण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते.