पत्र्यावरच्या टिचक्या

विमान ढगांच्या वर स्थिरावलं, की खिडकीशेजारच्या प्रवाशाला एक सलग घोंघाट ऐकू येत राहतो. तो सगळाच इंजिनाचा नसतो.

ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला लगटून हवेचा एक पातळ थर वाहतो. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत मांडलेला हा सीमास्तर. त्यात भोवरे गरगरतात आणि जाता जाता पत्र्यावर दाबाच्या टिचक्या मारतात. जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा डफासारखा थरथरतो.

खरी गंमत दाबाच्या चढ-उतारात आहे. पंखाच्या पुढच्या भागावर हवा वेग घेते, दाब उतरत जातो, भोवरे काबूत राहतात. पंखाचा फुगवटा ओलांडला की उलटं घडतं: दाब चढतो, हवा दमते, थर फुगतो, भोवरे थोराड होतात. टिचक्यांचे धपाटे होतात, आवाज खर्जात उतरतो.

या टिचक्या मोजायला मायक्रोफोन बारीक छिद्रामागे बसवतात. छिद्र मोठं असलं, तर लहान भोवऱ्यांच्या टिचक्या एकमेकींत मिसळून हरवतात.

पवनचक्कीच्या पात्यांची सळसळही बरीचशी याच भोवऱ्यांची. म्हणून ती कमी करायला काही पात्यांच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते बसवलेले असतात.