मेजर घरी आले, पुढं?

सोलापूरहून बीडच्या रस्त्याला लागलं की धाराशिव, येडशी, येरमाळा मागं पडतं आणि तेरखेडा येतं. वाशी तालुक्यातलं हे गाव मराठवाड्याला फटाक्यांसाठी ठाऊक आहे. दसरा झाला की इथं हायवेच्या कडेला गाड्या थांबतात, पोरं बापाचा हात ओढत दुकानात शिरतात आणि भुईचक्रं, झाडं, लवंगीच्या माळा, सुतळी बॉम्ब यांची खोकी डिकीत चढतात. सोरा, गंधक, कोळसा, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी असा सगळा मालमसाला. तो कागदात नाहीतर सुतळीत आवळायचा आणि वात सोडायची. तोफेच्या जुन्या दारूतही सोरा, गंधक आणि कोळसाच असायचा. आपल्या भाषेनं दोन्हीला एकच शब्द ठेवला आहे, दारू.

मला लिहायचं आहे ते जखमी होऊन घरी परतलेल्या सैनिकाबद्दल आणि त्याच्यावर निघालेल्या सिनेमांबद्दल. सुरुवात तेरखेड्यातून केली, कारण या विषयावरच्या एका मोठ्या चित्रपटाचा जीव फटाक्याच्या आवाजात आहे.

ऑलिव्हर स्टोनचा ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ 1989 साली आला. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन 4 जुलैचा, आणि रॉन कोविकचा जन्मही 1946 सालच्या त्याच तारखेचा. चित्रपटाच्या सुरुवातीला गावातून मिरवणूक जाते. छोटा रॉन बापाच्या खांद्यावर बसून बघतो आहे. जुने सैनिक पुढून जातात, कुणी चालत, कुणी चाकाच्या खुर्चीत. गर्दीतून फटाक्यांची माळ पडते आणि त्या सैनिकांचे चेहरे आक्रसतात, मान आत जाते. पोराला काहीच कळत नाही. पुढं हाच रॉन व्हिएतनामला जातो. 1968 च्या जानेवारीत गोळीनं त्याचा मणका जायबंदी होतो आणि छातीखालचं शरीर बधिर होतं. तो गावी परततो, पुन्हा मिरवणूक निघते, आता खुर्चीत तो असतो. माळ फुटते आणि त्याचीही मान तशीच आत जाते. सुरुवातीच्या मिरवणुकीतल्या दचकणाऱ्या सैनिकांत खुर्चीत बसलेला एक माणूस खुद्द रॉन कोविक आहे. ज्याची गोष्ट, तोच पडद्यावर क्षणभर येऊन दचकून जातो. रॉनची भूमिका टॉम क्रूझनं जीव ओतून केली आहे, पण माझ्या डोळ्यांपुढून तो दचकलेला खरा माणूस हलत नाही.

हे दचकणं भित्रेपणाचं नसतं. आघाडीवर माणूस आवाजावर जगतो. आवाज झाला की आधी अंग जमिनीला टेकतं, विचार नंतर. महिनोन्‌महिने ज्या सवयीनं जीव वाचवला ती सवय सुट्टीच्या पासावर सही झाली म्हणून सुटत नाही. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं 1915 साली या त्रासासाठी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकाच्या छापील पानांवर आणला. आज त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या ताणाचा विकार, म्हणतात, आणि अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत हे नाव 1980 साली, म्हणजे व्हिएतनाममधून माणसं परतल्यावर शिरलं. यातली कळीची गोष्ट अशी की त्रास होतो तो नुसत्या मोठ्या आवाजाचा नव्हे, न सांगता आलेल्या आवाजाचा. सरकारी नियमात फटाक्याला 4 मीटरवर 125 डेसिबलची मर्यादा आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिवाळीसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ घालून दिली. डेसिबल मोजता येतात. दुपारी तीन वाजता, डोळा लागलेला असताना, खिडकीखाली फुटलेला एक सुतळी बॉम्ब कुठल्या मापात बसवायचा?

स्टोनच्या चित्रपटाच्याही आधीचा आणि माझ्या मते या विषयावरचा सर्वांत खरा चित्रपट म्हणजे विल्यम वायलरचा 1946 सालचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’. दुसरं महायुद्ध संपून वर्षच झालं होतं. तीन सैनिक एकाच विमानानं एकाच गावी परततात. त्यातला होमर हा खलाशी दोन्ही हात गमावून बसला आहे, हातांच्या जागी पोलादी आकडे आहेत. ती भूमिका केली हॅरॉल्ड रसेलनं, आणि त्याला स्वतःलाच हात नव्हते. तो लष्करात स्फोटकांचं प्रशिक्षण देणारा होता. 6 जून 1944 ला दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत होत्या, त्याच दिवशी अमेरिकेत एका छावणीत सदोष वातीमुळं टीएनटी त्याच्या हातात फुटलं. शत्रू कुठंच नव्हता.

होमर काडी ओढतो, पियानो वाजवतो, सगळ्यांना हसवतो. गावाला वाटतं, पोरानं निभावलं. मग एका रात्री तो लहानपणापासून ठरलेल्या आपल्या विल्माला खोलीत नेतो आणि झोपायच्या आधी काय करावं लागतं ते तिला दाखवतो. खांद्यावरचे पट्टे सोडवतो, आकडे पलंगावर टाकतो. आता दार लागलं तर आपल्याला उघडता येणार नाही, हे तो तिला सरळ सांगतो. विल्मा त्याच्या सदऱ्याची बटणं लावते, पांघरूण सारखं करते. एवढाच प्रसंग. पार्श्वसंगीताचा मारा नाही, भाषण नाही. लग्न करायचं तर कशाशी करायचं, हे तिला त्या बटणांतून कळतं. जखमी सैनिकाच्या संसारावर एवढं नेमकं मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. रसेलला या एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाले. पुढं 1992 साली त्यातला एक त्यानं लिलावात विकला, 60,500 डॉलरना. बायकोच्या औषधपाण्याला पैसे हवे होते.

आता आपल्याकडं येऊ. आमच्या भागात कुठलाही फौजी सुट्टीवर आला की गाव त्याला ‘मेजर’ म्हणतं. शिपाई असो, नाईक असो, हवालदार असो, एसटीतून उतरला की पारावरून हाक येते, “या मेजर, कधी आलात?” त्या एका शब्दात गावाची सगळी माया आणि मान असतो. पण मेजर कुबड्यांवर आला, किंवा खुर्चीतून उतरवावा लागला, तर दोन दिवस गर्दी होते आणि तिसऱ्या दिवसापासून त्या घरात फक्त घरची माणसं उरतात.

असा एक मराठी फौजी मोठ्या पडद्यावर आला. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. ईएमई या लष्कराच्या तांत्रिक दलातले जवान, अंगात बॉक्सिंग. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतून बसली आणि कमरेखालचं अंग गेलं. वय जेमतेम वीस-एकवीस. मुंबईत कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीत, उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. जमिनीवर न हलणारं शरीर पाण्यात तरंगलं. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदतीचा हात दिला. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिक भरलं, तिथं पेटकरांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत जागतिक विक्रमानं जिंकलं. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. कबीर खानचा ‘चंदू चॅम्पियन’ 2024 च्या जूनमध्ये आला, कार्तिक आर्यननं पेटकर उभे केले, आणि पुढच्या जानेवारीत ऐंशी वर्षांच्या पेटकरांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हातून मिळाला. एका चित्रपटानं एका माणसाचं नाव देशाला नव्यानं सांगितलं, याचं मोल मोठं आहे.

तरी माझी तक्रार आहे. चित्रपटाची सगळी ओढ मेडलकडं आहे. मेडलनंतरचं आयुष्य पेटकरांनी पुण्यात टेल्कोत नोकरी करून काढलं. रोज सकाळी उठणं, अंघोळ, कपडे, कामावर जाणं, परत येणं. न चालणाऱ्या पायांनी हे वर्षानुवर्षं करणं मला 37.33 सेकंदांपेक्षा लहान वाटत नाही. तो सिनेमा अजून कुणी केलेला नाही.

त्या सिनेमात काय असेल? आधी उंबरठा असेल. आपल्या जुन्या घराचा उंबरठा चांगला वीतभर उंच, दार अरुंद, पुढं दोन पायऱ्या, न्हाणी मागल्या अंगाला आणि संडास परसात. चाकाच्या खुर्चीला दोन-अडीच फूट रुंदी लागते. सरकारनं खुर्ची दिली तरी ती सोप्यावरच थांबते आणि आत माणसाला उचलून न्यावं लागतं. मग रात्र असेल. मणका तुटलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, कमरेला, टाचांना जखमा पडतात. त्या त्याला कळत नाहीत, वासावरून घरच्यांना कळतात. दहाला, बाराला, दोनला, चारला उठणारी बाई सकाळी शेतात कामाला जाते. लघवीची नळी बदलायला तीच शिकते, ताप आला की संसर्ग झाला हे तीच ओळखते. तिला मेजर कुणी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत मणक्याला मार बसलेले बहुतेक सैनिक अशाच जखमांनी आणि संसर्गानं वर्ष-दोन वर्षांत जात. लुडविग गुटमन या डॉक्टरनं 1944 पासून इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिलला कूस बदलण्याचा, स्वच्छतेचा आणि खेळाचा नेम लावला आणि ही माणसं जगू लागली. 29 जुलै 1948 ला लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं, त्याच दिवशी गुटमननी खुर्चीतल्या सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्याच स्पर्धेतून पुढं पॅरालिम्पिक उभं राहिलं; पेटकर हायडेलबर्गला पोहोचले ते या वाटेनं.

महाराष्ट्र या बाबतीत रिकामा नाही. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी 1917 साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं, ते पुढं खडकीला गेलं आणि आजही तिथं आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 चं. खडकीलाच 1974 पासून मणक्याच्या जखमी जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथले जवान खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळतात, हात चालत नाहीत ते तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. पेन्शन आहे, शंभर टक्के अपंगत्वाला सोबतीच्या माणसाचा भत्ता आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पण खडकी ते वाशी तालुका हे अंतर एसटीच्या तिकिटात मोजू नये. केंद्रात उतार असतो, रुंद दार असतं, आपल्यासारखीच आणखी माणसं असतात. गावात तो एकटा असतो.

आणि तेरखेड्यात एवढ्यावर थांबता येत नाही. इथल्या फटाका कारखान्यांत स्फोट झाले आहेत, मजूर भाजले आहेत, दगावले आहेत. हॅरॉल्ड रसेलचे हात ज्या तऱ्हेनं गेले त्याच तऱ्हेनं, शत्रू समोर नसताना, दारू हाताळताना. रसेलला पेन्शन होती, आकडे होते, सिनेमा मिळाला. दारू भरताना हात गमावलेल्या मजुराच्या घरीही रात्री कुणीतरी बटणं लावतंच. त्याला गाव कुठल्याच नावानं हाक मारत नाही. जखमी सैनिकाबद्दल लिहायला बसलो आणि या मजुराला वगळलं, तर या रस्त्यावरून पुन्हा जायला मला लाज वाटेल.

फटाके घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. या गावच्या कितीतरी चुली त्यावर पेटतात. मागणं लहान आहे. तुमच्या गल्लीत, वाडीत, सोसायटीत कुणी मेजर राहत असतील, तर या दिवाळीत माळ लावण्याआधी एकदा त्यांच्या दारात जा. किती वाजता लावणार आणि केवढी लावणार, तेवढं सांगा. घरात कुणी खुर्चीत असेल तर फराळाचं ताट पाठवून देऊ नका, स्वतः घेऊन जा आणि आत जाऊन बसा. आणि त्या घरच्या वहिनींना विचारा, रात्रीची झोप होते का.