कंपनीचे प्रगतिपुस्तक

मोठ्या कंपन्या दरवर्षी ताळेबंदाबरोबर आणखी एक जाडजूड पुस्तिका काढतात. तीत हिरवी झाडे असतात, हसतमुख कामगार असतात आणि भरपूर आकडे असतात. इतके टक्के वीज सूर्यापासून, इतके टक्के कारखान्यांत नियमांचे पालन, इतके टन कार्बन डाय ऑक्साइड वाचवला. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी माहिती गोळा करणारी मुले आजकाल ह्याच पुस्तिकांतले आकडे वहीत उतरवून आणतात. शिक्षकापुढे मग प्रश्न उभा राहतो. हे आकडे खरे मानून गुण द्यायचे, की कंपनीची जाहिरात म्हणून बाजूला सारायचे? आम्हांला दोन्ही मार्ग आळसाचे वाटतात. प्रयोगशाळेत एखादे मोजमाप समोर आले की काय मोजले, कोणत्या पट्टीने मोजले आणि कोणी मोजले, असे आपण विचारतो. तेच इथेही विचारता येते.

उदाहरणादाखल अ‍ॅपल ही अमेरिकी कंपनी घेऊ. ती सर्वांत वाईट आहे म्हणून तिला निवडलेले नाही. उलट ती पुष्कळ माहिती स्वतःहून छापते, म्हणून तिची तपासणी करता येते. जी कंपनी काहीच छापत नाही तिचे दोषही दिसत नाहीत, आणि वरवर पाहणाऱ्याला तीच निर्दोष वाटते. मूल्यमापन करताना हा धोका पहिल्यापासून ध्यानात ठेवलेला बरा.

पडदा पुसण्याचे द्रावण

चीनमधील सुजौ येथे विनटेक नावाच्या कंपनीच्या कारखान्यात अ‍ॅपलसाठी स्पर्शपडदे तयार होत. पडद्याची काच पुसायला आधी अल्कोहोल वापरत असत. पुढे त्याऐवजी एन-हेक्झेन वापरायला सुरुवात झाली. कारण साधे होते. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळते, इथिल अल्कोहोल ७८ अंशांना. हेक्झेन लवकर उडून जाते, काच लवकर कोरडी होते आणि तेवढ्याच वेळात जास्त पडदे पुसून होतात. (आपल्याकडे सोयाबीनमधून तेल काढून घेण्यासाठी हेच द्रावक वापरतात; ते काम मात्र बंद यंत्रणेत चालते.)

विनटेकच्या त्या खोलीत हवा खेळती नव्हती. उडालेले हेक्झेन कामगारांच्या श्वासातून शरीरात जात होते. यकृतात त्याचे रूपांतर २,५-हेक्झेनडायोन ह्या पदार्थात होते आणि हा पदार्थ चेतातंतूंमधील प्रथिनांना चिकटून त्यांची हानी करतो. सर्वांत लांब चेतातंतूंवर परिणाम आधी दिसतो, म्हणून सुरुवात पायाची आणि हाताची बोटे बधिर होण्यापासून होते. पुढे चालणे कठीण होते. २००९ साली तिथल्या तरुण कामगारांना नेमका हाच त्रास सुरू झाला. चिनी पर्यावरण संस्थांनी हे प्रकरण लावून धरले. मा जुन ह्यांच्या संस्थेने जानेवारी २०११ मध्ये अ‍ॅपलच्या पुरवठादारांवर एक अहवालच प्रसिद्ध केला. १३७ कामगारांना बाधा झाल्याचे अ‍ॅपलने मान्य केले ते त्यानंतरच्या महिन्यात, आपल्या वार्षिक अहवालात.

ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीने अंतिम जुळणीच्या कारखान्यांत एन-हेक्झेन आणि बेंझिन ह्या दोन्हींवर बंदी घातली. हे पाऊल चांगलेच होते. पण ‘अंतिम जुळणी’ हे शब्द आपण खडूने अधोरेखित करायला हवेत. फोनचे सुटे भाग जिथे घडतात त्या आधीच्या टप्प्यांवर ही बंदी नव्हती. तिथे मर्यादेत वापर चालू राहू शकत होता. विनटेकचे कामगार पडदे पुसत होते. पडदा हा सुटा भाग आहे. मोजमापाची हद्द कुठे आखली आहे, ह्यावर निष्कर्ष कसा अवलंबून असतो ते इथे दिसते.

साठ तासांची पट्टी

२०१० साली शेनझेनमधील फॉक्सकॉन कारखान्यात तरुण कामगारांच्या आत्महत्यांची मालिका घडली आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. जानेवारी २०१२ मध्ये अ‍ॅपलने आपल्या प्रमुख पुरवठादारांची यादी प्रथमच जाहीर केली आणि फेअर लेबर असोसिएशन ह्या संस्थेला फॉक्सकॉनची तपासणी करण्यास बोलावले. ह्या संस्थेचा खर्च सभासद कंपन्यांच्या वर्गणीतूनही चालतो, म्हणून तिच्या निःपक्षपातीपणाविषयी तेव्हा शंका घेतली गेली. तरीही मार्च २०१२ च्या तिच्या अहवालात तिन्ही कारखान्यांत मर्यादेपेक्षा जास्त तास काम चालल्याचे स्पष्ट नोंदले होते.

मर्यादा म्हणजे कोणती? अ‍ॅपलच्या नियमावलीत आठवड्याला जास्तीत जास्त ६० तास अशी मर्यादा होती. चीनच्या कायद्यात आठवड्याचे ४० तास आणि त्यावर महिन्याला ३६ तासांपर्यंत जादा काम. म्हणजे सरासरीने आठवड्याला साधारण ४८-४९ तास. आठवड्यामागून आठवडा ५८ तास काम करणारी मुलगी कंपनीच्या तक्त्यात उत्तीर्ण होते आणि देशाच्या कायद्यात अनुत्तीर्ण. २०१२ सालासाठी कंपनीने कामाच्या तासांबाबत ९२ टक्के पालन झाल्याचे छापले, ते ह्या ६० तासांच्या पट्टीने. आकडा खोटा नव्हता, पट्टी लांब होती.

ह्या तपासणीत हजारो कामगारांना प्रश्नही विचारले गेले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना आणखी तास काम हवे होते! हे वाचून काहीजण म्हणतील, मग तक्रार कशाची? पण त्याच पाहणीत ६४ टक्के कामगारांनी पगारात मूलभूत गरजा भागत नाहीत असे सांगितले होते. दोन आकडे शेजारी ठेवले की पहिल्याचा अर्थ कळतो.

झाडाने धरलेला कार्बन

कार्बनचा हिशेब तीन वर्तुळांत करतात. पहिले वर्तुळ कंपनीने स्वतः जाळलेल्या इंधनाचे, दुसरे तिने विकत घेतलेल्या विजेचे आणि तिसरे बाकी सर्वांचे: खाणी, पुरवठादारांचे कारखाने, वाहतूक आणि ग्राहकाच्या घरी होणारे चार्जिंग. आपली कार्यालये, दुकाने आणि संगणक केंद्रे शंभर टक्के अक्षय ऊर्जेवर चालतात, असे अ‍ॅपलने २०१८ मध्ये जाहीर केले. हे पहिल्या दोन वर्तुळांबद्दल झाले. कंपनीच्या एकूण उत्सर्जनाचा बहुतेक सगळा भाग तिसऱ्या वर्तुळात आहे, कारण फोन ती स्वतः बनवत नाही.

मात्र २०२० मध्ये तिने २०३० सालापर्यंत ‘कार्बन-तटस्थ’ होण्याचे जे उद्दिष्ट जाहीर केले, त्यात तिसरे वर्तुळही धरले आहे. पुष्कळ कंपन्या इथेच हात आखडता घेतात, तेव्हा हे श्रेय द्यायला हवे. २०१५ साली तिचे उत्सर्जन सुमारे ३ कोटी ८४ लाख टन होते. त्यात ६० टक्क्यांहून अधिक घट झाल्याचे तिचा २०२५ चा अहवाल सांगतो. ह्यातली बरीच घट पुरवठादारांना अक्षय ऊर्जेकडे वळवून साधली आहे. इथे एक बारकावा आहे. विजेच्या तारेतून येणाऱ्या इलेक्ट्रॉनवर कोळशाचा की वाऱ्याचा, असा शिक्का नसतो. कारखान्याने दुसरीकडच्या पवनऊर्जेचा करार केला की हिशेबात त्याची वीज स्वच्छ धरली जाते, मग रात्रीच्या पाळीला जवळच्या कोळशाच्या केंद्रातून वीज येत असली तरी. असे करार निरुपयोगी नाहीत, त्यांच्यामुळे नव्या पवनचक्क्या उभ्या राहू शकतात. पण ‘करारानुसार’ आणि ‘प्रत्यक्ष त्या जागी’ असे दोन्ही हिशेब मागायला हवेत.

उरलेल्या उत्सर्जनाची भरपाई झाडे लावून करायची असते. २०२३ मध्ये अ‍ॅपलने आपले काही घड्याळांचे प्रकार कार्बन-तटस्थ म्हणून विकायला काढले. ह्या भरपाईचा काही भाग पॅराग्वे देशातील निलगिरीच्या लागवडीवर अवलंबून होता. जर्मनीतील एका पर्यावरण संस्थेने दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने तिथे अशी जाहिरात करण्यास मनाई केली. लागवडीच्या ७५ टक्के जमिनीचे भाडेपट्टे २०२९ मध्ये संपणार होते आणि पुढची हमी नव्हती, हे त्याचे मुख्य कारण. झाड हवेतला कार्बन लाकडात साठवते हे सातवीतली मुलेही सांगतात. पण ते लाकूड जळले किंवा कुजले की कार्बन पुन्हा हवेत येतो. घड्याळ बनवताना सुटलेला वायू शेकडो वर्षे हवेत राहणार आणि भाडेपट्टा २०२९ पर्यंत, हा हिशेब जुळत नाही.

जुना सेल आणि मंद फोन

डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने कबूल केले की जुन्या आयफोनची गती आज्ञावलीतून मुद्दाम कमी केली जात होती. नवा फोन खपवण्याचा डाव, असा ओरडा झाला. पण ह्यामागचे भौतिकशास्त्र खरे आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. समजा, बॅटरीचे विद्युतगामक बल ३.८ व्होल्ट आहे आणि फोनने क्षणभर ३ अँपिअर प्रवाह खेचला. अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल तर ०.३ व्होल्ट आतच खर्च होऊन फोनला ३.५ व्होल्ट मिळतात. रोध ०.२५ ओहम झाला तर मिळतात फक्त ३.०५ व्होल्ट आणि फोन पटकन बंद पडू शकतो. (टॉर्चचा नवा व जुना सेल, व्होल्टमीटर आणि एक छोटा बल्ब घेऊन हा प्रयोग वर्गात सहज होतो. बल्ब न जोडता दोन्ही सेल फार वेगळे वाटत नाहीत, बल्ब जोडताच फरक दिसतो.) म्हणजे प्रवाहावर मर्यादा घालणे तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हते. चूक होती ती न सांगण्यात. ग्राहकाला कळले असते तर त्याने नवा फोन न घेता फक्त बॅटरी बदलली असती. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने कंपनीला अडीच कोटी युरो दंड केला तो ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल.

आपल्या देशात आयफोनची जुळणी सुरू झाल्यावर हेच सारे प्रश्न इथेही आले. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात कोलारजवळ नरसापूर येथील विस्ट्रॉनच्या कारखान्यात पगार रखडल्याने कामगारांनी मोडतोड केली. नंतर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे काही पगार उशिरा झाल्याचे अ‍ॅपलने मान्य केले. वर्षभराने तमिळनाडूत श्रीपेरुम्बुदूरच्या फॉक्सकॉनमधील मुली वसतिगृहातल्या जेवणाने आजारी पडल्या आणि इतर मुलींनी महामार्ग अडवला. दोन्ही वेळा अ‍ॅपलने पुरवठादाराला ‘निरीक्षणाखाली’ ठेवले. नियमावली आणि तपासणीची पद्धत तर आधीपासूनच होती. तरी पगार आणि जेवण ह्यांतले दोष बाहेर आले ते दंगलीने आणि विषबाधेने. आमच्या मते तपासनीस ठरलेल्या दिवशी येतो आणि कंत्राटी कामगार त्याच्यापुढे मोकळेपणाने बोलत नाही, हे ह्याचे मोठे कारण असावे. शाळेतल्या वार्षिक तपासणीचा अनुभव असलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

काही गोष्टी तर अशा पुस्तिकांच्या हिरव्या पानांवर क्वचितच येतात. कर ही त्यांतली मोठी. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार २०१४ साली अ‍ॅपलच्या आयर्लंडमधील एका कंपनीने युरोपातल्या नफ्यावर भरलेला कर दर दहा लाख युरोंमागे ५० युरो इतका होता. १३०० कोटी युरो वसूल करा, असा आदेश निघाला. गंमत अशी की आयर्लंडच्या सरकारलाच तो पैसा नको होता! सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे म्हणणे कायम केले. ग्राहकांच्या खाजगीपणाबाबतही वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे चित्र दिसते. २०१६ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या गुप्तचर खात्याला फोनचे कुलूप उघडून देण्यास नकार दिला, आणि २०१८ मध्ये चिनी ग्राहकांचा साठवलेला मजकूर तिथल्या कायद्यानुसार सरकारी पाठबळाच्या एका चिनी कंपनीकडे सोपवला.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर एकाच कंपनीचे दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून पाहावेत. ते विनामूल्य मिळतात. नववी-दहावीच्या मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला एकच तक्ता द्यावा. टक्केवारी दिसली की छेद काय आहे ते मुलांनी शोधावे: सर्व कारखान्यांचे टक्के, की फक्त तपासलेल्या कारखान्यांचे? मग त्याच कंपनीविषयी न्यायालयाने, सरकारी खात्याने किंवा कामगार संघटनेने काही वेगळे नोंदले आहे का, ते पाहावे. शेवटी मागच्या वर्षी असलेला आणि ह्या वर्षी गाळलेला एखादा रकाना सापडतो का, ते तपासावे. असा रकाना सापडला तर मुलांनी कंपनीला पत्र लिहून त्याचे कारण विचारायला हरकत नाही. अहवालाच्या शेवटच्या पानावर पत्ता असतो.